एकदाच विचारलेलं

मे महिन्यातल्या भर दुपारी गोंदियाच्या गोरेलाल चौकात कूलरची खस घ्यायला उभं राहणं हे काही शहाण्या माणसाचं काम नव्हे. रेणू उभी होती. दुकानदार जुन्या ताटीचं, खस भरलेल्या त्या लाकडी चौकटीचं, माप विचारत होता, ती ते आठवत होती, आणि तेवढ्यात पर्समधला फोन थरथरला. हर्षानं तुर्कस्तानातून व्हिडिओ पाठवला होता. तोंडाला बांधलेला दुपट्टा कपाळावर ओढून त्याच्या सावलीत रेणूनं तो पाहिला. आधी एक उजाड पिवळट टेकडी, टेकडीवर भलंमोठं छप्पर, छपराखाली जमिनीत अर्धे रुतलेले दगडी खांब. मग कॅमेरा हलत हलत खाली रस्त्यापर्यंत आला आणि कडेला गव्हाचं हिरवं शेत दिसू लागलं. बांधावर हर्षा पाठमोरी उभी होती, डोक्यावर पांढरी टोपी, ओढणी वाऱ्यानं एका बाजूला उडालेली. व्हिडिओ काढणारी दिसत नव्हती, फक्त तिचा लाल नखांचा हात दिसला. त्या हातानं एक ओंबी तोडली आणि मागून लाडिक आवाज आला, "भोजली, इकडे बघ ना." हर्षा वळली. हातानं ओंबी तिच्या कानामागे खोचली, दोघी हसल्या, आणि व्हिडिओ संपला. खाली हर्षानं लिहिलं होतं, 'बघ, इथंसुद्धा गहू.' दुकानदारानं पुन्हा माप विचारलं तेव्हा रेणूनं काहीतरी सांगून टाकलं, आणि ते चुकलं.

आता हे सांगितलं पाहिजे की रेणूच्या तोंडून हर्षाचं नाव कधीच निघत नाही. आपण घेऊ, तिला ते घेता येत नाही. सालेकशाच्या पुढे, छत्तीसगडची हद्द लागते तिथल्या एका गावात दोघी वाढल्या. श्रावणात तिथं टोपलीत माती घालून गहू पेरतात, अंधाऱ्या खोलीत झाकून ठेवतात, हळदीचं पाणी शिंपडतात. ऊन न लागल्यामुळे अंकुर पिवळेधमक येतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, ते सोडायचे. आणि त्या वेळी ज्या दोन पोरींना जन्माचं नातं जोडायचं असेल त्यांनी एकमेकींच्या कानामागे ते अंकुर खोचायचे. याला भोजली बदणं म्हणतात. त्या दिवसापासून ती हिची भोजली आणि ही तिची. नाव संपलं. तिची आई ती हिची फुलदाई. तिच्या घरात मरण आलं तर हिनं सुतक धरायचं. यात जात आडवी येत नाही. हर्षाचा बाप फागू गोंड, जंगलखात्याच्या कामावर मजुरीला जाणारा. रेणूच्या बापाची नहराच्या, म्हणजे कालव्याच्या पाण्यावरची धानाची जमीन. फागू वारला तेव्हा रेणू नवी नवरी होती, तरी सासरी सुतक धरून बसली आणि सासूची बडबड ऐकून न ऐकल्यासारखी केली. स्वतःच्या लग्नातलं तिला आज फारसं काही आठवत नाही. देवेंद्र घोड्यावर नीट बसला नव्हता एवढं आठवतं. पण बोडीच्या काठचा चिखल, पायाच्या बोटांत शिरणारं गार पाणी, हर्षाच्या काळ्याभोर कानामागचा तो पिवळा अंकुर, आणि आपला हात थरथरत होता तिचा नव्हता, हे सगळं तिला आठवतं.

नवी ताटी हर्षाच्या फ्लॅटमधल्या कूलरला बसेना. हर्षा परदेशी गेल्यापासून रेणू सकाळ-संध्याकाळ इथं येत होती, कारण इथं बायजाबाई होती, हर्षाची आई, रेणूची फुलदाई. डोळ्यांनी अधू, कानांनी तिखट. रेणू शिकवत असे त्या शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या, देवेंद्र मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात दिवसभर तारा गुंडाळत असे, आणि रेणूला हे काम आवडत होतं, निदान आज सकाळपर्यंत आवडत होतं. ताटीच्या लाकडी पट्ट्या दाबून, वाकवून, एक पट्टी मोडून तिनं ती कशीबशी चौकटीत कोंबली. "का आदळून राहिली वं?" बायजाबाईनं बाजेवरून विचारलं. रेणू म्हणाली, काही नाही. मनात ती भांडत होती, आणि भांडण मोठं मजेशीर मुद्द्यावर चाललं होतं. ओंबी! भोजली ओंबीची नसते मुळी. उन्हात वाढलेला, रस्त्याकडेचा, दुसऱ्याच्या शेतातून चोरून तोडलेला गहू तो. हळद नाही, अंधार नाही, बोडी नाही. त्यानं काय होतंय? काहीच होत नाही. असं तिनं स्वतःला तीन-चारदा पटवलं आणि दरवेळी शेवटी तिथंच येऊन ठेचकाळली की हर्षा वळली. त्या बयेनं हाक मारली ती मारली, तोंड काही आपण शिवू शकत नाही. पण ही वळली कशी? क्षणभर थांबली असती, ही हाक कुणाची म्हणून गोंधळली असती, तरी रेणूनं माफ केलं असतं. रोजची सवय असल्यासारखी ती वळली.

व्हिडिओ काढणारी ती प्रिया, हर्षाच्या बँकेतली नवी अधिकारी. नागपूरची, तिशीतली, गॉगल केसांवर चढवून फिरणारी. गोंदियात बदली झाली म्हणून आधी रडली म्हणे, आणि हर्षानं तिला डबा नेऊन दिला. तेव्हा रेणूनंच त्या डब्यात वाटीभर लोणचं घातलं होतं, याचा तिला आता फार संताप येत होता. आधी ती हर्षाला मॅडम म्हणायची, मग हर्षादी झाली, आणि आता थेट 'भोजली'वर पोचली. माणसं किती भरभर चढतात! आणि या सगळ्याच्या मुळाशी तो थंडीतला दिवस होता. रेणू स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती आणि हर्षा ओट्याला टेकून सांगत होती की एक सहल निघते आहे, विमानानं नुसतं पोचायचं, मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळा देश बसनं. जुनी पडकी शहरं, डोंगर, खारं तळं, काय काय. मग म्हणाली, "येतेस काय माझ्यासंग?" रेणूला लगेच बसची खिडकी दिसली. आणि ती म्हणाली, "मी कुठं येतो बाप्पा, घरचं कोन पाहीन?" कुणीही असंच म्हटलं असतं. पंगतीत भाताचं पातेलं आलं की आधी ताटावर हात आडवा धरायचा असतो, मग वाढणारी म्हणते असं कसं, मग हात थोडा सरकतो, मग भात पडतो. पहिल्या नाहीला नाही समजणारा माणूस रेणूनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तिनं हात आडवा धरला आणि वाट पाहिली. हर्षा म्हणाली, "बरं." आणि एक कोवळी शेंग उचलून दाणे तोंडात टाकले. दुसऱ्यांदा तिनं विचारलंच नाही, ना त्या दिवशी, ना त्या महिन्यात. रेणूनं गुपचूप पासपोर्टचं कसं काय असतं ते देवेंद्रला विचारून ठेवलं होतं. मग एक दिवस कळलं की प्रिया जाते आहे. तिनं पहिल्याच झटक्याला हो म्हटलं असणार. बहुधा विचारायच्या आधीच.

दुपारी कूलर खडखडत होता, ओल्या खशीचा वास खोलीभर झाला होता, आणि बायजाबाई घोरत असताना रेणू फरशीवर आडवी पडून त्या देशातून प्रवास करत होती. गेले काही दिवस ती हेच करत आली होती. हर्षाच्या रोजच्या फोटोंवरून तिनं सगळा रस्ता पाठ केला होता. समुद्राकाठचं ते मोठं शहर, घुमटांचं. मग पठार, मैलोन्‌मैल काही नाही, वाळल्या गवताचा रंग. तिथं एका ओसाड नगरीच्या वेशीवर दगडाचे दोन सिंह, एकाचं तोंड झिजून गेलेलं, हर्षानं त्याच्या जबड्यावर हात ठेवलेला. मग ते विचित्र खोरं, वारुळांसारखे उभे सुळके आणि त्यांच्या पोटात कोरलेली घरं, माणसं तिथं म्हणे हजार वर्षं राहिली. मग तांबडी माती, मग पिस्त्याच्या बागा, मग ही टेकडी. बसच्या खिडकीशी हर्षा. शेजारच्या सीटवर कोण, ते रेणू रोज वगळत असे. तिथं ती रिकामी जागा ठेवायची, कधी कधी तिथं स्वतः बसायची, आणि हर्षा डुलकी लागून खांद्यावर कलंडली की खिडकीतून सिंह पाहायची. आज ती जागा भरली होती. लाल नखं खिडकीच्या काचेवर वाजत होती. रेणूला मत्सर वाटत होता, साधा, उघडा, पोटात आंबवल्यासारखा मत्सर, आणि तो नुसत्या प्रियाचा नव्हता. त्या झिजल्या सिंहाचाही होता. हर्षानं त्याच्या जबड्यावर किती अलगद हात ठेवला होता! त्या सगळ्या पडक्या देशाचा तिला राग आला, पडून-झडूनही लोकांना बोलावून घेतो म्हणून. ती इथं धड उभी होती, तिला पाहायला कोण येत होतं?

संध्याकाळी हर्षाचा फोन आला. आवाज उन्हानं भाजलेला आणि खुशीत. व्हिडिओ पाहिला का, गाईड सांगत होता की माणसानं पहिल्यांदा गहू पेरला तो म्हणे याच भागात, ते ऐकल्याबरोबर मला आपली टोपलीच आठवली, बसमध्ये मी सगळ्यांना भोजलीचं सांगितलं, सगळ्या बाया अशा ऐकत होत्या, आणि ही प्रिया तर काय विचारू नको, तेव्हापासून चिडवतच सुटली आहे. रेणू ऐकत होती. सगळ्यांना सांगितलं. बसमध्ये. जे बोडीच्या काठावर दोघींनी केलं ते माइकवर सांगितलं असेल, चहाच्या थांब्याआधी. तिनं विचारलं, जेवण मिळते काय बरोबर. हर्षा म्हणाली मिळतं, आणि उद्याचा दिवस इथंच, परवा पहाटे एका उंच डोंगरावर जायचं आहे, वर कुठल्याशा राजानं देवांचे पुतळे बसवले होते, त्यांची मुंडकी खाली पडली आहेत, माणसापेक्षा मोठी. सगळी सहल मी त्या मुंडक्यांसाठी केली बघ. मग मागून कुणीतरी हाक मारली. कोणती, ते रेणूला ऐकू आलं नाही, कारण तिनं फोन कानापासून दूर धरला होता.

दुसऱ्या दिवशी बायजाबाईला भोवळ आली. बाथरूममधून येताना भिंतीला धरून खाली बसली, एवढंच. पण बसली ती उठेना, आणि तिचं तोंड पांढरं पडलं, तेव्हा रेणूच्या छातीत खरोखर धस्स झालं. हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. तिनं ऑटो बोलावला, म्हातारीला कमरेला धरून जिना उतरवला, दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं नाडी पाहिली, जीभ पाहिली, म्हणाला ऊन लागलं आहे, पाणी कमी पडलं, एक सलाइन लावतो, संध्याकाळी घरी न्या, पन्हं द्या. इतकंच. म्हातारी हिरव्या चादरीवर डोळे मिटून पडली, सुई लावलेला सुरकुतला हात पोटावर, दुसऱ्या हातानं रेणूचा पदर धरलेला. बाहेर उन्हात सायकल-रिक्षावाला शेंगदाणे खात होता. सलाइनचे थेंब पडत होते. रेणूचा जीव आता खाली बसला होता, आणि बसल्याबरोबर त्या रिकाम्या झालेल्या जागेत दुसरंच काहीतरी येऊन उभं राहिलं. तिनं पदर सोडवून घेतला, दोन पावलं मागे सरकली आणि फोटो काढला. तो चांगला आला नाही, हात दिसत नव्हता. तिनं दुसरा काढला. त्यात सुई आणि मिटलेले डोळे दोन्ही आले. खाली एक अक्षर न लिहिता तिनं तो हर्षाला पाठवला. तू मला व्हिडिओ पाठवलास, घे. असं काही ती मनात म्हणाली नाही, पण बोटाला ते ठाऊक होतं.

फोन लगेच वाजला. रेणूनं तो थोडा वाजू दिला.

"काय झालं? भोजली, काय झालं आईला?"

रेणूनं खरं तेच सांगितलं. भोवळ आली, सलाइन लावलं. डॉक्टर काय म्हणाला, असं हर्षानं विचारलं, तेव्हा तेही सांगितलं, ऊन लागलं म्हणते. पण 'म्हणते' या शब्दाशी ती अशी काही थांबली की पुढं आणखी काही असावं.  हर्षा म्हणाली, मी निघू का? आणि रेणू म्हणाली, "नाही. तू नको येऊ. तू तुझं पाहून घे सारं. मी आहो ना इथं." एवढी नीट, एवढी थंड, एवढी समंजस 'नाही' तिनं आयुष्यात कुणाला म्हटली नव्हती. बसनं देश फिरणाऱ्या, बँकेत मॅडम असलेल्या, पहिल्या नाहीला नाही समजायला शिकलेल्या हर्षाला या वेळी मात्र ती बरोबर कळली. तिच्यातली गावची पोरगी जागी झाली. "मी येतो," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात रडू होतं. रेणूच्या अंगावरून सुखाचा काटा गेला. मग लाज वाटली. मग पुन्हा सुख.

संध्याकाळी बायजाबाई घरी येऊन ताक-भात जेवली आणि कैरीचा तुकडा चोखत बसली. रेणूनं ताट उचलता उचलता सांगितलं की पोरगी निघाली आहे, परवा पोचेल. म्हातारीचं चोखणं थांबलं.

"काऊन? मी मरून राहिली काय?"

रेणू म्हणाली, मी नको येऊ असंच म्हटलं. बायजाबाईनं तिच्या आवाजाकडे तोंड वळवलं. धुरकट डोळ्यांनी तिला रेणूची फार तर सावली दिसत असेल. या बाईनं दोघींच्या वेण्या घातल्या होत्या, दोघींच्या उवा काढल्या होत्या, बोडीवर जायच्या दिवशी दोघींच्या हातात टोपल्या दिल्या होत्या.  ती कैरीचा तुकडा हातातल्या हातात फिरवत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं रेणूला विचारलं की त्या डोंगरावर तिला काय पाहायचं होतं म्हणत होती पोरगी, आणि रेणूनं सांगितलं, देवांची मुंडकी. "मग तं राहूनच गेलं तिचं," बायजाबाई म्हणाली, आणि हात धुवायला पाणी मागितलं.

हर्षा आली त्या दिवशी रेणूनं घर झाडून-पुसून लख्ख केलं होतं. चादर बदलली, बोरूची, म्हणजे तागाच्या फुलांची भाजी निवडली, ती हर्षाला फार आवडे. बायजाबाई सकाळपासून खुर्चीवर बसून रेडिओ ऐकत होती, अगदी ठणठणीत, गालांवर रंगसुद्धा आलेला. काय करायचं ते रेणूला सुचत नव्हतं. फुलदाई, थोडं पडून राहा, हे म्हणायला जीभ उचलत नव्हती, आणि न म्हणावं तर ही अशी खुर्चीत! खाली ऑटो थांबला. चाकांच्या बॅगेचा खडखडाट जिन्यात सुरू झाला. आणि बायजाबाईनं आपण होऊन रेडिओ बंद केला, चाचपडत बाजेपर्यंत गेली, आडवी झाली, पातळ चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि डोळे मिटले. रेणू दारात पाहत उभी राहिली. तिला वाटलं पळून जावं. पण दार तिलाच उघडायचं होतं.

हर्षा काळवंडली होती, पाय सुजले होते, केसांत धूळ. आईच्या पायांशी बसून ती रडली. बायजाबाईनं बारीक आवाजात तिला आली काय माय म्हटलं आणि कण्हल्यासारखं केलं, फार नाही, बेतानं. मग हर्षानं वळून रेणूचे दोन्ही हात धरले. "भोजली, तू होतीस म्हणून," ती म्हणाली, "नाही तं मी काय केलं असतं." तोच शब्द, तिच्याच तोंडून, आपल्याकडेच पाहून. यासाठीच तर सगळं केलं होतं.  रेणूनं हर्षाला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, भाजी फोडणीला टाकली. हर्षाच्या सांगण्यात ते खोरं आलं, सिंह आले, आणि शेजारच्या सीटचा काही उल्लेख नव्हता. रेणू कढईत चमचा फिरवत हं हं करत होती. मत्सर असा गेला होता की जणू कधी नव्हताच. देवेंद्रलाही संध्याकाळी इकडेच जेवायला बोलवावं, असं तिच्या मनात आलं.

हर्षाचा फोन वाजला, छोटासा आवाज. रेणू ताट घेऊन बाहेर आली तेव्हा हर्षा फोन पाहत होती. रेणूनं मागून वाकून पाहिलं. पहाटेचा डोंगर, तांबडा उजेड, आणि जमिनीवर ठेवल्यासारखी ती प्रचंड दगडी मुंडकी, दाढीवाली, नाकं फुटलेली, शांत. त्यांच्यामध्ये प्रिया उभी होती, आणि प्रियाच्या गळ्यात हात टाकून पिवळ्या जर्किनातली दुसरी कुणी बाई. दोघी थंडीनं एकमेकींना बिलगून हसत होत्या. हर्षानं दोन बोटांनी चित्र मोठं केलं. मुंडकी बाजूला सरकून गेली. तिनं मोठा केला होता तो गळ्यातला हात. "ही पुण्याची," ती म्हणाली, रेणूला नव्हे, "हिच्याशी तं बोलतबी नव्हती प्रिया." तिच्या नाकपुड्या किंचित फुलल्या होत्या, ओठ आत ओढले गेले होते, आणि डोळे, कुणी चिमटा काढावा आणि ओरडायची सोय नसावी तसे. रेणू ताट धरून उभीच राहिली. हे तोंड तिनं आतून पाहिलेलं होतं, गेले कित्येक दिवस तिनं दुसरं काही घातलंच नव्हतं. पण हर्षाच्या अंगावर ते तिनं कधीच पाहिलं नव्हतं. रेणूच्या लग्नात हर्षा वरातीपुढं घामाघूम होईपर्यंत नाचली होती. शाळेत बरोबर शिकवणाऱ्या दामिनीशी रेणूचं मेतकूट जमलं तेव्हा हर्षा म्हणाली होती, बरं झालं, तुला सोबत झाली. तेव्हा रेणूला तिचं मन किती मोठं वाटलं होतं. मन मोठं नव्हतं. तिला दुखलंच नव्हतं. माझ्यासाठी, रेणूला वाटलं, ही एकदाही अशी दिसली नाही.

"मी जरा तिले फोन करतो, पोचली म्हणून सांगतो," हर्षा म्हणाली आणि जेवण तसंच ठेवून गॅलरीत गेली. दार तिनं ओढून घेतलं. काचेपलीकडे तिची पाठ दिसत होती, मान एका बाजूला कललेली, बोट गजावर उगाच फिरत असलेलं. बोलणं ऐकू येत नव्हतं, लाडीगोडीची चाल तेवढी येत होती. ताटात बोरूची भाजी निवत होती. बाजेवर चादर हलली. बायजाबाईनं एक डोळा उघडला, गॅलरीकडे कान लावला आणि हलक्या आवाजात विचारलं, "उठू काय आता? कंबर धरली माझी."

रेणूनं काचेतून पाहिलं. मग ती बाजेशी गेली, चादर पुन्हा नीट ओढली आणि कडेनं घट्ट खोचली.

"नाही फुलदाई," ती म्हणाली. "अजून पडून राहा."